सासू, सून, जावई आणि शंकरप्पांचे कान

शंकरप्पा बिराजदारांना कमी ऐकू येतं, ही गोष्ट नांदेडच्या त्या गल्लीत शंकरप्पा सोडून सगळ्यांना माहीत होती. ऑटोवाल्यांना माहीत होती, कारण मागून कितीही हॉर्न वाजवला तरी शंकरप्पा रस्त्याच्या मधोमध आपल्या चालीनं चालत राहत आणि शेवटी ऑटोच कडेला जाई. भाजीवालीला माहीत होती, कारण ती 'चुका न्हाई, मेथी हाय' म्हणून दमायची आणि हे पिशवी पुढं करून चुक्याची वाट बघत उभे राहायचे. शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडून कैक दिवस झाले होते, पण त्यांनी तो दुरुस्तीला टाकला नव्हता. बिराजदारांच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांना भिंतीतून साग्रसंगीत ऐकू येत होत्या.

शंकरप्पांचं यावर एकच म्हणणं होतं. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. पूर्वी माणूस बोलला म्हणजे बोलला असं वाटायचं, आता नुसते ओठ हलवतात आणि वर आपल्यालाच बहिरं म्हणतात.

"माझ्या कानाचं नाव काढू नको," ते आपल्या मुलाला, सोमेशला बजावायचे. "एक्स्चेंजच्या घंटांवर तयार झालेले कान हायत हे."

ही घंटांची गोष्ट मात्र खरी होती. शंकरप्पा मूळचे निलंग्याकडचे, पण टेलिफोन खात्यात चिकटले आणि उमेदीची सगळी वर्षं किनवटच्या वाटेवर, इस्लापूरच्या अलीकडं असलेल्या पळसखेडच्या एक्स्चेंजात काढली. एक्स्चेंज म्हणजे दगडी जोत्यावरची बसकी इमारत. आत लोखंडी रॅकमध्ये हजारो बारीक यंत्रं अहोरात्र कटकटत असायची, आणि या सगळ्या पसाऱ्यात कुठं काही बिनसलं तर सांगायला भिंतीवर तीन वाद्यं बसवलेली होती. त्यांची सरकारी नावं कुणाच्याच लक्षात राहिली नाहीत. खाजाभाई लाइनमननं ठेवलेली नावं राहिली. त्या काळात खाजाभाईंच्या एकत्र घरात सगळ्या नात्यांची माणसं एकदम मुक्कामाला होती, त्यामुळं त्यांचा या विषयाचा अभ्यास ताजा होता.

पालथ्या वाडग्यासारखी मोठी पितळी घंटा ती सासू. ती वाजली की समजावं, मोठा फ्यूज उडाला, अख्खं गाव मुकं झालं. ती एकदा सुरू झाली की कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत थांबत नसे. दोन पट्ट्यांची 'टिंग-टाँग' करणारी ती सून. कुणी रिसीव्हर बाजूला काढून ठेवून झोपलं, एखादी लाइन अडकली, असल्या बारीकसारीक कागाळ्या ती गोड आवाजात करायची. आणि काळ्या डबीतून 'गुर्रर्र' करणारा तो जावई. तो कशावर कुरकुरतोय हे कुणालाच धड कळत नसे. त्याच्याकडं थोडं दुर्लक्ष केलं की तो आपोआप गप्प व्हायचा.

एक्स्चेंजच्या मागेच शंकरप्पांचं क्वार्टर होतं. रात्री एक्स्चेंजला कुलूप लागे, म्हणून या तिन्ही घंटांच्या तारा भिंतीतून ओढून क्वार्टरमध्ये आणल्या होत्या. म्हणजे गुणाबाई लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा एक सासू निलंग्याला आणि दुसरी डोक्यावर, खुंटीच्या वर टांगलेली, अशी त्यांची व्यवस्था होती. रात्री-बेरात्री घंटा वाजायची, शंकरप्पा ताडकन उठायचे, 'सून हाय' किंवा 'सासू हाय' असं अचूक सांगून बॅटरी घेऊन बाहेर पडायचे. किनवट तालुक्यात त्यांच्या कानांची ख्याती झाली होती. तिखट कानाचा माणूस. साहेब लोक तपासणीला आले की कौतुकानं विचारत, "बिराजदार, एवढ्या गाढ झोपेतही तुम्हाला फरक कळतो?" शंकरप्पा विनयानं मान खाली घालत. "अंगात भिनलंय साहेब," म्हणत. गुणाबाई चहा आणून ठेवत आणि काही बोलत नसत.

असा हा माणूस. त्याला मुलगा म्हणतो, कानाला मशीन लावा.

सोमेशनं त्यासाठी एक लबाडीही केली होती. रक्तदाब तपासायचाय म्हणून वडिलांना दवाखान्यात नेलं आणि कानांची तपासणी करवून आणली. शंकरप्पा कानांवर डबे चढवून काचेच्या खोलीत गुमान बसले. रक्तदाब बघायची ही नवी पद्धत त्यांना फार आवडली, कारण हात आवळत नाहीत. यथावकाश दोन टिकल्यांएवढी मशीनं घरी आली तेव्हा त्यांना खरा प्रकार कळला. मग त्यांनी ती डबी कपाटात अशी ठेवून दिली की जणू दुसऱ्या कुणाचं चुकून आलेलं पार्सल.

एक दिवस खाजाभाईंचा पळसखेडहून फोन आला. जुना माणूस, लांबच्या फोनवर ओरडूनच बोलायचं असतं या मताचा. त्यामुळं शंकरप्पांना शब्दन् शब्द ऐकू आला. एक्स्चेंजमधले जुने रॅक आता उचलून नेणार होते. सगळ्या गावाचे फोन आता एका छोट्या पेटीत मावत होते. पण तिथल्या नव्या साहेब, लुंबिनी मॅडम, हौशी होत्या. रॅक जायच्या आधी जुन्या लोकांना बोलवू, घंटा एकदा वाजवू, चहा-फराळ करू, असं त्यांनी ठरवलं होतं.

"अप्पा, तुम्ही आलेच पाहिजे," खाजाभाई म्हणाले. "सासूबाई तुमची याद करून राहिल्या."

फोन ठेवला आणि शंकरप्पांची छाती रुंदावली. "बघ," ते सोमेशला म्हणाले, "कानांची कदर करणारी माणसं अजून हायत."

सोमेश बापाचाच मुलगा. म्हणाला, "अप्पा, मग तिथंच निकाल लावू. घंटांकडं पाठ करून बसायचं. वाजेल तिचं नाव सांगायचं. तिन्ही बरोबर आल्या तर घरात मशीनचा शब्द निघणार न्हाई. एक जरी चुकली तर तिथल्या तिथं मशीन कानात."

"मंजूर," शंकरप्पा म्हणाले. कारण सोमेश काय म्हणाला ते त्यांना अर्धवटच ऐकू आलं होतं. पण मुलगा तोंड वर करून काहीतरी आव्हान देतोय हे दिसत होतं आणि आव्हानाला नाही म्हणणं निलंग्याच्या रक्तात नव्हतं. नंतर सून पुनमनं त्यांना कानाशी जाऊन सगळ्या अटी नीट समजावल्या. तेव्हा आपण काय कबूल करून बसलोय ते त्यांना कळलं. पण शब्द गेला होता.

पुढचे दोन-चार दिवस ते गुपचूप सराव करत होते. देवघरातली घंटी वाजवायची आणि कान टवकारायचा. हातात घंटी धरून ती ऐकू येते का हे बघण्यात एक अडचण अशी की आपण ती वाजवतोय हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तरी त्यांचं समाधान झालं.

"आज देवाला जागंच ठेवायचं ठरवलंय वाटतं," गुणाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"हं," शंकरप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, जेवायला बोलावतायत.

ठरल्या दिवशी सोमेशनं मित्राची जीप आणली. पुढं सोमेश आणि शंकरप्पा, मागं गुणाबाई आणि पुनम. मशीनची डबी सोमेशच्या वरच्या खिशात. भोकर, हिमायतनगर मागं पडलं, सागाची झाडं सुरू झाली. शंकरप्पा एरवी या रस्त्यावर प्रत्येक खांबाची हकिगत सांगत; आज गप्प होते. मागून गुणाबाई त्यांच्या टकलाकडं बघत होत्या. संसार इतका जुना झाला की पाठीवरूनही कळतं, माणूस घाबरलाय.

एक्स्चेंजच्या दारात खाजाभाई नव्या पांढऱ्या टोपीत उभे होते. त्यांनी शंकरप्पांना मिठी मारली. "या अप्पा. भाभी, आदाब. तुमच्या हातच्या धपाट्याची चव अजून जिभेवर हाय."

"मग खात जा की येऊन नांदेडला," गुणाबाई म्हणाल्या. "नुसती जीभ चाटून किती दिवस काढाल."

मधोमध यंत्रखोली होती. तिच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायचा जुना नेम. धूळ आत गेली की यंत्रं रुसतात, म्हणून साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिथं अनवाणी. यंत्रं बंद पडून जमाना झाला होता, तरी आलेल्या प्रत्येक जुन्या माणसानं न सांगता चपला काढल्या. मग लुंबिनी मॅडमनीही आपले बूट काढले.

सोमेशनं पैजेची गोष्ट सांगितली तेव्हा मॅडमना भलतीच मजा वाटली. त्यांनी लगेच मांडामांड केली. शंकरप्पांची खुर्ची खिडकीकडं तोंड करून, घंटांच्या भिंतीकडं पाठ. शेजारी मानाची म्हणून गुणाबाईंची खुर्ची. बाकीची मंडळी मागं उभी. बटणांपाशी खाजाभाई.

"सर, ऐकू आली की नाव सांगायचं," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. "घाई नाही."

शंकरप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि ध्यानाला बसल्यासारखे बसले. खोलीत शांतता पसरली. निदान त्यांच्यापुरती तरी पसरली. त्यांच्या कानात फक्त एक दूरचा, समुद्रासारखा आवाज होता, आणि तो गेली काही वर्षं कायमच होता. काही वाजलं की नाही कुणास ठाऊक. आणि एवढ्यात त्यांच्या पायाच्या करंगळीला काहीतरी दाबल्यासारखं झालं.

"सून," शंकरप्पांच्या तोंडून निघून गेलं.

टाळ्या पडल्या. त्या त्यांना ऐकू आल्या. टाळ्या नेहमी ऐकू येतात. पण त्यांना स्वतःचं नवल वाटत होतं. टिंग-टाँग ऐकलेलं तर आठवत नव्हतं. मग 'सून' कुठून आली? पण अशी जाग त्यांना ओळखीची होती. क्वार्टरमधल्या रात्रींना अगदी असंच व्हायचं. पायाला काहीतरी वाटायचं, जाग यायची आणि नाव ओठांवर हजर असायचं. पायाला जे वाटायचं त्याला शंकरप्पा थंडी समजायचे. गोधडी आखूड होती.

"दुसरी," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा तो समुद्र. आणि मग टाचेवर हलकी एक टपली.

"जावई," शंकरप्पा म्हणाले, आणि या खेपेला डोळे उघडून खाली बघितलं. लुगड्याच्या काठाखालून आलेला, जोडवी घातलेला एक पाय त्यांच्या टाचेपासून सावकाश मागं सरकत होता. पायाची मालकीण खिडकीबाहेरच्या चिंचेकडं अशा भक्तिभावानं बघत होती की चिंचेलाच संकोच वाटावा.

शंकरप्पांच्या डोक्यात एकामागून एक दिवे लागले. करंगळी म्हणजे सून. टाच म्हणजे जावई, नुसती टपली, झोपा तुम्ही, सकाळी बघू. आणि अंगठा धरून ओढला की सासू, उठा, गाव मुकं झालंय. गोधडी आखूड नव्हती. तपासणीला आलेले साहेब, ती ख्याती, ते 'अंगात भिनलंय'. अंगात नव्हे, अंगठ्यात भिनलं होतं.

धक्का मोठा होता. पण शंकरप्पा व्यवहारी गृहस्थ. पैज अजून चालू होती आणि दोन घंटा पदरात होत्या. आत्मचिंतन घरी जाऊनही करता येतं, असा विचार करून त्यांनी डोळे पुन्हा मिटले आणि सारं चित्त उजव्या पायाच्या अंगठ्यात गोळा केलं.

"तिसरी," मॅडम म्हणाल्या.

खाजाभाईंनी बटण दाबलं. शंकरप्पा थांबले. अंगठा थांबला. काही नाही. त्यांनी सोयीसाठी पाय जरा गुणाबाईंच्या बाजूला सरकवला. तरी काही नाही. आता मागं कुजबुज सुरू झाली असणार, असं त्यांना वाटलं. गुणा विसरली काय? तिच्या पायाला मुंग्या आल्या काय? वयही झालंय तिचं. असू दे. हिशोब सरळ होता. सून झाली, जावई झाला, उरलं कोण?

"सासू," शंकरप्पांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं. आणि ऐट म्हणून वर जोडलं, "लई मोठ्यानं वाजली. आवाज अजून तसाच हाय बघा तिचा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शंकरप्पा वळले. खाजाभाई बटण दाबून धरून अवघडून उभे होते. सोमेशचा चेहरा हसू दाबल्यानं लाल झाला होता. सासू भिंतीवर ढिम्म होती.

"अवो," गुणाबाईंना राहवेना, "वाजलीच न्हाई की ती. मी अंगठ्याला हात तरी लावला का?"

हे वाक्य खोलीभर पसरायला एक क्षण लागला. मग आधी खाजाभाईंना कळलं, आणि ते टोपी सावरत भिंतीला टेकून जे हसू लागले, त्यांना बघून मॅडम, मॅडमना बघून पुनम, असं करत सगळी खोली हसायला लागली.

"या अल्ला," खाजाभाई डोळे पुसत म्हणाले. "म्हंजे इतकी सालं खात्याची नोकरी भाभी करून राहिल्या होत्या, आणि सलाम आम्ही अप्पाला ठोकून राहिलो होतो."

"तसं न्हाई भाऊजी," गुणाबाई म्हणाल्या. "ऐकायचं काम माझं. अंधारात विंचवा-किरड्यातून जाऊन दुरुस्त करायचं काम यांचंच. ते मला थोडंच जमणार होतं."

शंकरप्पांनी तिच्याकडं कृतज्ञतेनं बघितलं. बुडत्याला बायकोनंच काडी दिली होती, बुडवलंही तिनंच असलं तरी.

इकडं खाजाभाई स्टुलावर चढून सासूची तपासणी करत होते. कुंभारमाशीनं घंटेच्या आत मातीचं पक्कं घर बांधलं होतं आणि टोल्याचा दांडा त्यात रुतून बसला होता. खाजाभाईंनी स्क्रूड्रायव्हरनं माती खरवडली, फुंकर मारली, आणि खाली न उतरताच "मॅडम, दाबा" म्हणाले.

सासू वाजली. किती वर्षांचं तुंबलेलं होतं कोण जाणे, पण अशी वाजली की खिडकीतली कबुतरं उडाली, समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली, आणि शंकरप्पांना ती ऐकू आली. पायातून नव्हे, कानांतून. ते खुर्चीवरून उठले आणि त्यांना काय करावं ते सुचेना. कारण या आवाजानंतर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं, पण या आवाजानं जागं होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

गुणाबाई मात्र कधीच्या उठल्या होत्या. मंडळींतून वाट काढत सरळ भिंतीपाशी गेल्या आणि घंटा थांबवायचं बटण अंगठ्यानं दाबलं. सासू गप्प झाली. "लई डोकं उठवते," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून परत येऊन बसल्या.

लुंबिनी मॅडम म्हणाल्या, "आजी, ही घंटा आम्ही ऑफिसच्या दारात लावणारच आहोत. पण तुम्हाला घरी हवी असेल तर वरच्यांना विचारून बघते."

"नको ग बाई," गुणाबाई म्हणाल्या. "दोन दोन सासवा सांभाळल्या. आता तुमी सांभाळा."

फराळाला बसले तेव्हा शंकरप्पा बायकोजवळ सरकले. चिवड्याची बशी दोघांत एकच होती.

"इतकी वर्षं मला सांगितलं का न्हाईस?" त्यांनी जमेल तितक्या हळू विचारलं. त्यांचं हळू हॉटेलपर्यंत गेलं.

"सांगितलं की," गुणाबाई म्हणाल्या. "चार-पाच डाव सांगितलं."

"कधी?"

"कधी काय. तुमाला ऐकू कुठं आलं."

शंकरप्पांनी घास हातात धरला. "अजून काय काय सांगितलंस, जे मला ऐकू आलं न्हाई?"

गुणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग हसल्या. "लई हाय. कुठून सुरू करू?"

सोमेश डबी घेऊन येऊन उभा होता. हरलेल्या माणसाला पैजेची आठवण करून द्यायची त्याला आता लाज वाटत होती. "अप्पा, राहू द्या," तो म्हणाला. "आजच घालायला पाहिजे असं न्हाई."

"आण इकडं," शंकरप्पा म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. आणि मागची बरीच थकबाकी दिसतीय."

पुनमनं दोन्ही मशीनं त्यांच्या कानात बसवली. शंकरप्पांनी तोंड वाकडं केलं, डोकं हलवलं, जांभई देऊन बघितली. चिवड्याचा कुरकुर आवाज एवढा होतो हे त्यांना नवीन होतं. खाजाभाई जवळ येऊन सवयीनं ओरडले, "काय अप्पा, येतंय का ऐकू?" आणि शंकरप्पांनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते पुढंच बसले होते. इंजिनाचा आवाज, वाऱ्याचा आवाज, सोमेशच्या खिशातल्या किल्ल्यांचा आवाज; सगळ्या जगानं एकदम तोंड सोडलं होतं. काढून ठेवलेलं बरं, असं त्यांच्या मनात आलं आणि हात कानाकडं गेलाही. तेवढ्यात मागून पुनमचा आवाज आला. हळू, नेहमीच्या बोलण्यातला.

"आत्या, मामांना आता सगळं ऐकू जाईल का हो?"

"लगेच कुठलं," गुणाबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणले न्हाईत का, सवय व्हायला वेळ लागतो. बघ." आणि मग जरा मोठ्यानं, "अवो, ऐकलं का?"

शंकरप्पांचा हात कानापाशीच थांबला. त्यांनी तो सावकाश खाली आणला. नजर रस्त्यावर, चेहरा अगदी काही ऐकू न आल्यासारखा.

"बघ," गुणाबाई पुनमला म्हणाल्या. "काही न्हाई. बरं, ते शेंगदाण्याचे लाडू कुठं ठेवलेस तू? वरच्या फळीवर ठेवू नको. साखर वाढलीय यांची, आणि तिथं यांचा हात पोचतो."

"तांदळाच्या डब्यात घातलेत. खाली, पार बुडाशी."

"शहाणी हायस. तिथं ते जन्मात बघायचे न्हाईत." मग गुणाबाई पुन्हा बोलल्या, पुनमला की स्वतःलाच, कोण जाणे. "कानानं कमी असू दे. पण हाक मारली आणि हा माणूस अंधारात गेला न्हाई, असं एकदा झालं न्हाई बघ. अंगठा ओढला की उठून चालायला लागायचा. माझ्यावर भरवसा ठेवून. विचारलंही न्हाई कधी, खरंच वाजली का म्हणून."

शंकरप्पांना डोळे पुसायचे होते. पण डोळे पुसले तर ऐकू येतंय हे कळलं असतं, आणि तांदळाचा डबा हातचा गेला असता. त्यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि वाऱ्याला डोळे दिले.

हिमायतनगर आलं तेव्हा गुणाबाईंनी पुढं वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि प्रत्येक शब्द तोडून विचारलं, "मशीन, लागतंय, का, नीट?"

"काय म्हणलीस?" शंकरप्पा म्हणाले.

"मशीन. नीट हाय का?"

"हाव," शंकरप्पा म्हणाले. "जरा जरा येतंय. राहू दे आता कानात. सवय करायला पाहिजे."